साहेबांचे नसलेले हात

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. 'जुनी' म्हटले की ऐकणारे लगेच चेहरा पाडतात आणि 'अरेरे' म्हणायच्या तयारीला लागतात. तसे काही करू नका. मला कीव नको आहे. गेली पन्नास-पंचावन्न वर्षे माझ्याविषयी दुसऱ्यांनीच बोलायचे आणि मी भिंतीवर गप्प लटकायचे, असा प्रकार चालला. आता माझी पाळी आहे. मध्ये कुणी बोलू नका.

मी कुणाची तसबीर, हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल. थांबा जरा. त्या एका प्रश्नावरून माझ्या आयुष्यात इतका घोळ झाला आहे की त्याचे उत्तर मी माझ्या सवडीने देणार.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानावरच्या खोलीत झाला. खाली दिवसभर करवत चाले आणि फळ्यांच्या फटींतून भुसा वर उडे. माझ्या खालच्या कोपऱ्यात रंगात रुतलेले भुशाचे तीन कण आजही दिसतात. जाड कापड लाकडी चौकटीवर ताणून ठोकले, त्यावर सरस चढवला आणि मग पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. म्हणजे माझ्या अंगावर सगळ्यात आधी हातच आले, तोंड नंतर. हे लक्षात ठेवा असे मी सांगत नाही, पण मला स्वतःला ते फार आवडते.

मला रंगवणारा चित्रकार उंच, किडकिडीत आणि सदा खोकणारा होता. आजूबाजूचे सगळे त्याला 'काडी' म्हणत. काडीला माझे काम दिले ते मोठ्या साहेबांनी. हे साहेब म्हणजे बडी असामी. गिरण्या उभ्या राहायच्या, पूल बांधायचे, बोटी पाण्यात सोडायच्या, की भांडवलासाठी लोक त्यांच्या पेढीच्या पायऱ्या चढत. पण त्यांचा खरा जीव चित्रांत अडकलेला होता. ज्यांची चित्रे कुणी फुकट घेईना, त्यांची ते विकत घेत. चित्रकारांच्या खोल्यांची भाडी भरत, रंग पाठवत, आणि दर रविवारी आपले घर सगळ्यांना बघायला उघडे ठेवत. मी त्यांच्यावर चिडलेली असले तरी हे कबूल करते. खोटे बोलण्याचा वसा मी घेतलेला नाही.

साहेब तीन सकाळी येऊन काडीसमोर बसले. "मला हसरा दाखवू नका," एवढीच त्यांची अट होती. "लोक उगाच आशा धरतात." तीन बैठकांत तोंड झाले. भरलेले गाल, जाड भुवया, समोरच्याला तोलून बघणारे डोळे. तोंड हुबेहूब उतरले. त्यानंतर साहेबांना सवड मिळेना. काडीने निरोपावर निरोप पाठवले. शेवटी साहेबांकडून उत्तर आले, "मी येत नाही. कोट पाठवतो."

कोट आला तो इस्त्रीवाल्या बाईच्या हातून, कारण त्या वेळी तो तिच्याकडेच होता. काळा, पाच बटणांचा, कडक इस्त्रीचा. काडीने तो लाकडी खुंट्यावर अडकवला. खुंट्यावर तो असा लोंबला की त्यात माणूस आहे असे कुणालाच वाटेना. काडीने कोटाकडे बघितले, मग दाराकडे निघालेल्या बाईकडे बघितले. अंगाने ती साहेबांइतकीच रुंद होती.

"बाई, हा कोट घालून दहा मिनिटं बसता का?"

"माझं दुकान उघडं पडलंय."

"दहाच मिनिटं. खाडा भरून देतो."

"आणि कोट चुरगळला तर? पुन्हा इस्त्री मलाच करायची ना?"

असे म्हणत ती बसली. मित्रांनो, ती दहा मिनिटे अकरा दिवस चालली.

समोर टेबलावर एक कागद होता, पत्र लिहायचा. काडीने तिच्यापुढे पेन ठेवले आणि म्हणाला, "लिहिताय असं करा." तिने पेन उचलले, कागद पुढे ओढला आणि दुसऱ्या हाताच्या पंजाने तो आधी नीट सपाट केला. आतून बाहेर, हळूच दाबत. सदरा टेबलावर पसरला की ती रोज शंभर वेळा जे करायची, तेच. काडी खोकायचा थांबला. "हलू नका," एवढेच त्याच्या तोंडून निघाले.

चौथ्या दिवशी अंगठ्याचे नख संपवताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाई डावखुरी होती. पेन डाव्या हातात होते आणि कागद सपाट करत होता उजवा. साहेब तर उजव्या हाताचे. रंग, उजेड, सावली यांच्या नादात या शहाण्याने चार दिवस ते बघितलेच नव्हते. तो खाली बसला आणि त्याने डोके धरले.

"चुकलं का काही?" बाईने विचारले. "उजव्यात धरू?"

काडीने माझ्याकडे बघितले. बराच वेळ बघितले. त्या सपाट करणाऱ्या पंजासारखे काही त्याच्या कुंचल्यातून आजवर उतरले नव्हते आणि पुढे उतरेल याची त्याला खात्री नव्हती. "नको," तो म्हणाला. "आहे तसंच राहू दे."

त्याने सगळे प्रामाणिकपणे रंगवले. बोटांची जाड पेरे, गरम हवेने कोरडी पडलेली कातडी, आणि डाव्या मनगटावर, कोटाच्या बाहीखालून डोकावणारा, इस्त्रीच्या टोकाने भाजल्याचा डाग.

अखेर साहेब आले. त्यांनी माझे तोंड बघून मान डोलावली. मग नजर खाली उतरली आणि तिथेच अडकली.

"हे माझे हात नाहीत."

"नाहीत," काडी म्हणाला.

"कुणाचे?"

"तुमचा कोट इस्त्री करते तिचे."

साहेबांनी स्वतःचे दोन्ही हात खिशातून काढले आणि माझ्यासमोर धरले. गोरे, मऊ, उकडून सोललेल्या बटाट्यांसारखे. इतकी वर्षे चित्रे बघून त्यांची नजर तयार झाली होती. कोणते हात चांगले, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी आपले हात पुन्हा खिशात घातले.

"राहू द्या," ते म्हणाले. "पण हे आपल्या दोघांतच."

दोघांतच म्हणे! मी तिथेच उभी होते, अजून ओली. मला कुणी विचारले नाही आणि त्या बाईलाही विचारले नाही. त्या दिवसापासून मी रागाने गाल फुगवून बसले. पण साहेबांचे गाल मुळातच फुगलेले असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आले नाही.

मग माझे वैभवाचे दिवस सुरू झाले. सोनेरी चौकट, दिवाणखान्यातली मधली भिंत, माझ्यासाठी वेगळा दिवा. पाहुणे यायचे, तोंडाचे तोंडदेखले कौतुक करायचे आणि हातांपाशी आले की आवाज खाली आणायचे. "काय हात काढलेत!" म्हणायचे. अशा वेळी साहेबांचे हात कुठे असत? खिशात. अठरा वर्षांत त्यांनी माझ्यापुढे उभे राहून कधी हात बाहेर काढला नाही. ज्या माणसाने दहा-बारा चित्रकारांना जगवले, त्याला 'हे हात एका इस्त्रीवाल्या बाईचे आहेत' एवढे एक वाक्य जड गेले. मी त्यांचे तोंड मिरवत होते, म्हणून मला सांगायचा अधिकार आहे. या एका बाबतीत साहेब भित्रे होते.

साहेब गेल्यावर घराचे संग्रहालय झाले. तिकीट लावले, दोऱ्या बांधल्या, माझ्याजवळच्या स्टुलावर एक पहारेकरी बसवला. तो इतका नियमाने झोपे की येणारी पोरे त्याला डुलकीमामा म्हणू लागली. आणि मग विद्वान आले. त्यांतल्या एका जाड चष्मेवाल्याने माझ्यावर पुस्तिकाच लिहिली. साहेबांनी डाव्या हातात पेन धरले आहे, कारण ते जगाच्या उलट चालणारे होते. उजव्या हाताने ते कलावंतांच्या वाटेवरचे खाचखळगे सपाट करत आहेत. मनगटावरचा डाग म्हणजे बालपणीच्या कष्टांची खूण. कष्टांची! साहेबांनी लहानपणी पाण्याचा पेलासुद्धा स्वतःच्या हाताने भरून घेतला नव्हता. पण माझे ऐकतो कोण? पुस्तिका हातोहात खपली.

घरच्यांनाही हळूहळू तेच खरे वाटू लागले. साहेबांचा नातू डावखुरा निघाला. त्याच्या शाळेत त्याला चिडवत, तेव्हा त्याची आई त्याला माझ्यासमोर आणून उभी करी आणि सांगे, "बघ, आजोबांवर गेलायस तू." तो पोरगा ताठ होऊन माझ्या हातांकडे बघायचा. त्याच्यावर मी कधी रागावू शकले नाही. पण पुढचे ऐका.

संग्रहालय उघडल्यावर पहिल्याच वर्षी ती बाई आली. केस पिकले होते. सोबत तिची मोठी झालेली लेक होती. दोघी तिकीट काढून, दोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. बाईने तोंडाकडे पाहिलेसुद्धा नाही.

"हे बघ," ती लेकीला म्हणाली. "माझे हात."

"आई, हळू बोल."

"का? माझेच आहेत. बघ तरी, किती स्वच्छ काढलेत. अकरा दिवस ढिम्म हलले नाही मी."

दोन वर्षांनी ती गेली. तिचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. लेक मात्र येत राहिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुकान बंद करून, बाहीला जळक्या कापडाचा वास घेऊन. माझ्या तोंडाशी तिचे काही देणेघेणे नव्हते. ती हातांच्या उंचीवर मान वाकवून उभी राही, अर्धा तास, कधी जास्त. डुलकीमामा तिला आपले स्टूल द्यायचा आणि स्वतः भिंतीला टेकून झोपायचा. अशी तीस-पस्तीस वर्षे गेली. लेकीचेही केस पिकले. साहेबांसाठी हजारो लोक आले असतील, पण माझ्यातल्या बाईसाठी येणारी ही एकटीच होती.

मग पेढीला शंभर वर्षे पूर्ण झाली. नातू आता पेढीचा आणि संग्रहालयाचा मालक झाला होता. समारंभासाठी त्याने जुन्या पेट्या उघडल्या, तेव्हा आजोबांचे चौदा फोटो निघाले. सह्या करताना, पत्र लिहिताना, फीत कापताना. चौदाही फोटोंत उजवा हात. नातू ते फोटो घेऊन तडक माझ्यासमोर आला आणि एकेक फोटो माझ्या हातांशेजारी धरून बघत राहिला. लहानपणचा तो ताठ उभा राहणारा पोरगा मला त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यात दिसला आणि दिसता दिसता गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने चित्रे दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावले. "हे हात पुसा आणि नवे काढून द्या. पेन उजव्या हातात हवं."

बाईंनी भिंगातून मला अंगभर तपासले. "हे नंतर कुणी रंगवलेलं नाही. मूळ चित्रकाराचंच काम आहे. मी याला हात लावणार नाही."

"मग खालचा भाग कापून टाका. पेढीच्या नव्या कार्यालयात लावायला तोंड पुरेसं आहे."

"माझं काम फाटलेलं सांधायचं," त्या म्हणाल्या. "फाडायला दुसरा माणूस बघा." त्यांनी कापूस, बाटल्या, भिंग सगळे पेटीत भरले आणि त्या निघून गेल्या. जाताना त्यांनी दार जोरात लावले, ते मला फार बरे वाटले.

त्या रविवारी डुलकीमामा जन्मात पहिल्यांदा पूर्ण जागा होता. लेक दोरीपाशी येताच तो म्हणाला, "ताई, उद्या सकाळी या. मागच्या दाराने. उद्या हिला कापणार आहेत."

ती आली तेव्हा मला खाली उतरवून टेबलावर आडवे ठेवले होते. चौकट बनवणारा कारागीर फूटपट्टी लावून खुणा करत होता आणि नातू जवळ उभा होता. ती दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"साहेब, हे हात माझ्या आईचे आहेत."

नातू तिच्याकडे वळला. "पुरावा काय?"

तिने बाही वर सारली आणि आपले मनगट माझ्या मनगटाशेजारी धरले. तिच्याही मनगटावर तसाच टोकदार डाग होता. "इस्त्रीचं टोक लागलं की असा उमटतो. या धंद्यात तो चुकत नाही. तुमच्या आजोबांना कुठून लागेल? कोट घेऊन आई गेली होती आणि चित्रकाराने तिलाच बसवलं. घरी शंभर वेळा सांगितलंय तिने."

नातू खुर्चीत बसला. रागावलेला होता, पण आवाज चढवला नाही त्याने. "म्हणजे मला आयुष्यभर खोटं सांगितलं. शाळेत पोरं हसायची, तेव्हा मी या हाताकडे बघून दिवस काढले. आणि तो एका परक्या बाईचा."

"त्यात आईचा काय दोष?"

"दोष कुणाचा का असेना. मला हे हात इथे नकोत. आजोबांचे नाहीत, एवढं मला पुरे आहे."

मी मनातल्या मनात त्याच्यावर ओरडत होते. अरे, हात तुझ्या उपयोगी पडले ना? मग ते कुणाचे होते हे कळल्यावर आभार मानायचे सोडून तू ते तोडतोस? पण टेबलावर आडव्या पडलेल्या तसबिरीचे कोण ऐकणार! लेक मात्र गप्प राहिली नाही. तिने रडारड केली नाही की हातापाया पडली नाही.

"कापायचंच ठरलं असेल," ती म्हणाली, "तर खालचा तुकडा मला द्या."

"त्याचं काय करणार?"

"माझ्याकडे आईचा एकही फोटो नाही."

नातवाने खिडकीकडे तोंड केले. "घेऊन जा. तसाही कचऱ्यातच जायचा होता."

कारागिराने सुरी लावली. कोटाच्या तिसऱ्या बटणाखालून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, एका दमात. त्याचे काम सफाईचे होते, याबद्दल माझी तक्रार नाही. तीन बटणे वर गेली, दोन खाली राहिली.

आता तुम्ही विचाराल, की मग बोलतोय कोण? वरचा तुकडा की खालचा? मित्रांनो, मी हातांबरोबर आले. तोंड गेले ते गेले. त्याचे चौदा फोटो आहेत, चौकात पुतळा आहे, त्याला माझी गरज नव्हती. आणि तसे पाहिले तर मी तसबीर, म्हणजे बाईच. आपल्या भाषेने मला पहिल्यापासून बाईच ठरवले होते. पुरुषाचे तोंड लावून पन्नास वर्षे मिरवले, हाच खरा घोळ होता. माझ्याकडे कुणी 'अर्धी' म्हणून बघू नये. ज्यासाठी लोक माझ्यापाशी थांबत, ते सगळे माझ्याकडे आहे.

लेकीने मला आधी इस्त्रीच्या टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवले. मग एका रविवारी त्या दुरुस्तीवाल्या बाई पत्ता शोधत आल्या. वाफेने रंगाला तडे जातील म्हणून त्यांनी मला समोरच्या भिंतीवर हलवायला लावले, कापलेल्या कडेला मागून कापडाची पट्टी चिकटवून दिली, साध्या लाकडाची चौकट ठोकली. पैसे घेतले नाहीत. चार सदरे इस्त्री करून घेतले आणि गेल्या. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ काढायची, ओले फडके लावायचे नाही, हे लेकीने त्यांच्याकडून शिकून घेतले. सोनेरी चौकटीत होते तेव्हासुद्धा माझी इतकी निगा कुणी राखली नव्हती.

दुकानात गाठोडी घेऊन येणारे लोक मला बघतात आणि विचारतात, "कुणाचे हो हे हात?"

"आईचे," ती म्हणते आणि पुढचा सदरा उचलते. चष्मेवाल्याला यासाठी चाळीस पाने लागली होती आणि तीही चुकली.

म्हणून सांगते, मित्रांनो, आमच्यासारख्यांना उन्हात ठेवू नका, ओलीत ठेवू नका, हे तर कराच. पण त्याच्या आधी एक करा. भिंतीवर मोठ्या माणसाचे तोंड दिसले की तिथून लगेच पुढे सरकू नका. खाली बघा. हात कुणाचे, कोट कुणी इस्त्री केला, कागद कुणी सपाट केला, हे विचारा. कुणी सांगत नसेल तर पुन्हा विचारा. विचारणाऱ्याला लोक भोचक म्हणतील, म्हणू द्या.

गेल्या महिन्यात नातू आला. गाडी दूर उभी करून आला आणि गाठोडेवाल्यांच्या रांगेत उभा राहिला. नव्या कार्यालयात येणारा प्रत्येक जण त्याला विचारत होता, हात कुठे गेले? नुसत्या तोंडापुढे कुणी थांबत नव्हते. पाळी आल्यावर तो पुढे झाला. माझ्याकडे बघताना त्याचा डावा हात नकळत टेबलावर आला आणि तिथेच राहिला.

"ते परत हवंय मला," तो म्हणाला. "दुरुस्तीवाल्या बाई जोडून देतील. तुम्ही म्हणाल ते देईन."

लेकीने इस्त्री थांबवली नाही. "खाली पाटीवर काय लिहाल?"

तो गडबडला. "पाटीवर... जे होतं तेच. आजोबांचं नाव."

"एवढंच?"

लेकीने सदऱ्याची कॉलर दाबली, घडी घातली, सदरा बाजूला ठेवला आणि इस्त्री उभी करून त्याच्याकडे नीट बघितले.

"मग तोंड इकडे घेऊन या," ती म्हणाली. "भिंतीला जागा आहे. खाली काय लिहायचं ते मी बघते."

तो गेला. त्याच संध्याकाळी तिने स्टुलावर चढून माझ्या वर, भिंतीत एक खिळा ठोकला. तो अजून रिकामा आहे. तोंडाला यायचे असेल तर त्याने यावे; बोलवायला आम्ही जाणार नाही.